एफ-३ रेझरची डायल अडकलीय, पण लगेच खोलायला घेऊ नका

तुमचा प्रश्न मी काय समजलो ते आधी सांगतो. नाशिकच्या पंचवटीतलं जुनं घर आवरताना आजोबांचा डायलवाला जिलेट रेझर सापडला, डोक्याखालच्या पट्टीवर एफ आणि ३ असं कोरलंय, डायल ४ आणि ५ च्या मधे अडकून बसलीय, ब्लेड झाकणाऱ्या वरच्या झडपा अर्ध्याच उघडतात, आत गंजलेलं ब्लेड आहे आणि कडेकडेने हिरवं काहीतरी जमलंय. तुम्ही एक व्हिडिओ बघितला, त्यात एक माणूस सगळा रेझर सुटा करून टेबलावर मांडतो, आणि आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, खोलायला सुरुवात कुठल्या टोकाने करू आणि नंतर सातपूरला निकेल प्लेटिंग करून मिळेल का.

माझं सरळ मत सांगतो, अजून खोलू नका. तुमचा खरा प्रश्न डायल फिरत नाही हा आहे, आणि डायल फिरत नाही म्हणजे आत काही मोडलंय असं तुम्ही धरून चाललाय. मी सातपूरला टूलरूममधे फिटर म्हणून सत्तावीस वर्षं काढली आणि रेझर दुरुस्तीचा नाद त्यातली निम्मी वर्षं तरी आहे, असे अडकलेले साठेक रेझर हातातून गेले असतील. त्यातल्या बहुतेकांच्या आत एकही पार्ट मोडलेला नव्हता. आत होता चाळीस-पन्नास वर्षांचा वाळलेला साबण.

आधी तुमच्याकडे आहे काय ते बघू. एफ म्हणजे १९६० आणि ३ म्हणजे वर्षातली तिसरी तिमाही, जुलै ते सप्टेंबर. अमेरिकन जिलेटवर त्या काळात वर्षाला एक अक्षर आणि तिमाहीला एक आकडा असायचा, डी म्हणजे १९५८, ई म्हणजे १९५९, असं पुढे. म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर दोन-चार महिन्यांत बनलेला हा रेझर. जाड हँडल, डोक्याच्या लगेच खाली डायल, १ ते ९ आकडे, ह्याला संग्राहक लोक फॅटबॉय म्हणतात. कंपनीचा त्याचा नंबर १९५, कारण किंमत १.९५ डॉलर होती. १९६१ च्या सुमारास त्याची जागा बारीक हँडलच्या स्लिमने घेतली. तुमच्या आजोबांना तो गोदीतल्या मित्राने आणून दिला असं तुम्ही लिहिलंय, ते पटण्यासारखं आहे, त्या काळात बाहेरच्या वस्तू अशाच यायच्या.

मॉडेल विचारायचं कारण असं की खोलायचं की नाही हे त्याच्यावरच ठरतं. तुमच्याकडे जर मर्कुर ह्या जर्मन कंपनीचा प्रोग्रेस नावाचा रेझर असता तर मी म्हटलं असतं बिनधास्त खोला. त्याचा खालचा नॉब ५ च्या पुढे फिरवत नेला की डोक्याची टोपी सुटून हातात येते, परत लावताना टोपीवरची खूण आणि खालच्या पट्टीवरची खूण एका बाजूला आणायची एवढंच लक्षात ठेवायचं. तो खोलण्यासाठीच बनवलाय. फॅटबॉय आणि स्लिमचं तसं नाही. त्यात बाहेर हँडल, आत नळी, तिच्या आत दांडी अशी एकात एक बसवलेली रचना आहे. हँडलच्या तळाचा नॉब फिरवला की आतली दांडी वर सरकते आणि झडपा उघडतात, डायल फिरवली की ब्लेडची धार आणि खालची सुरक्षा-पट्टी यांच्यातली फट कमी-जास्त होते. हे सगळं कारखान्यात जोडून झालं की कडा दाबून, ठोकून कायमचं बंद केलेलं आहे. घरी कोणी उघडावं असा विचार ते बनवणाऱ्यांनी केलेलाच नव्हता.

ह्यात अडचण कुठे येते ते धातूकडून समजून घ्या. पितळ थंड अवस्थेत एकदा वाकवलं की त्या जागी कडक होतं. तार आपण एकदा वाकवतो तेव्हा सहज वाकते, सरळ करताना जोर लागतो आणि तिसऱ्यांदा वाकवली की कट्कन तुटते. रेझरची ती दाबलेली कड कारखान्यात एकदा वाकून झालीय. तुम्ही ती उघडणार म्हणजे दुसऱ्यांदा, परत बंद करणार म्हणजे तिसऱ्यांदा, आणि ती पण साठ-पासष्ट वर्षांनंतर. व्हिडिओत ते जमलेलं दिसतं कारण जमलेलेच व्हिडिओ लोक टाकतात.

माझ्या मामांचा एक स्लिम होता. तो मी असाच खोलायला घेतला, पंधरा वर्षं झाली असतील. डायल अडकलेली, मला वाटलं आपण टूलरूमवाले, आपल्याला काय अवघड आहे. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने झडपेच्या टोकाची कड उचलली, पहिली निघाली, दुसरी तडकली. सराफ बाजारातल्या एका चांगल्या कारागिराकडून चांदीचा डाक लावून घेतला, त्याने काम नीट केलं पण उष्णतेने त्या जागचं निकेल काळवंडलं आणि झडप केसभर तिरकी बसली ती बसलीच. आणि आत बघितलं तर काय, सगळे पार्ट शाबूत, नुसता पांढरा चिकटा. दोन दिवस कोमट पाण्यात ठेवला असता तर मामांचा रेझर जसाच्या तसा राहिला असता. ते मला आजही लागतं, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

तर हा चिकटा असतो काय. आपल्याकडे बऱ्याच घरांत बोअरचं पाणी असतं, त्यात कॅल्शियम भरपूर, नळाच्या तोंडावर पांढरे थर बसतात तेच. साबण आणि असं जड पाणी एकत्र आलं की पाण्यात न विरघळणारी साय तयार होते, बादलीच्या कडेला बसते ना तशी. दाढी झाल्यावर रेझर नळाखाली धरला तरी ही साय हँडलच्या आतल्या फटीत जाऊन बसते, वाळते, त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा थर. वर्षानुवर्षं असं झालं की ती खडूसारखी घट्ट होते. साध्या साबणाने ती निघत नाही कारण साबणानेच ती झालीय. भांडी घासायचं लिक्विड चालतं कारण ते डिटर्जंट असतं, जड पाण्यात त्याची साय होत नाही आणि जुनी साय हळूहळू सैल करतं.

आता कृती. एका काचेच्या ग्लासात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या, शक्यतो आरओचं किंवा उकळून गाळलेलं, त्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड, आणि रेझर डोक्यासकट पूर्ण बुडेल असा उभा ठेवा. ब्लेड आत अडकलंय ते राहू द्या, आत्ता ओढू नका. उकळतं पाणी ओतू नका, डायलवरच्या आकड्यांचा रंग जातो आणि तो परत भरणं फार किचकट काम आहे. तासाभराने काढा, खालचा नॉब दोन बोटांनी जेवढा सहज फिरेल तेवढा पुढे-मागे करा, परत बुडवा. पाणी गार झालं की बदला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही असं वाटेल पण पाण्याकडे बघा, ते दुधाळ झालं असेल तर काम चाललंय. मी तीन दिवस धरतो, हट्टी असेल तर आठवडा.

मधे मधे जुन्या मऊ टूथब्रशने झडपांच्या बिजागरीत आणि डायलच्या वरच्या फटीत घासा. ब्रश जात नाही तिथे अगरबत्तीची काडी वापरा, जळून उरते ती बांबूची काडी, टोक चाकूने चपटं करायचं. बांबू निकेलला ओरखडा पाडत नाही, सुई आणि स्क्रू-ड्रायव्हर पाडतात. झडपा पुरेशा उघडल्या की ब्लेड आपोआप सैल होईल, ते चिमट्याने लांबीच्या टोकांना धरून उचला. गंजलेल्या ब्लेडचे तुकडे पडतात, तेव्हा खाली वर्तमानपत्र असू द्या, घरात लहान मूल असेल तर विशेष.

ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे झडपा बंद असताना डायलवर जोर करायचा नाही. आधी नॉब सैल करायचा, झडपा उघडायच्या, मगच डायल. झडपा घट्ट मिटलेल्या असताना ब्लेड वरून दाबलेलं असतं, आणि तशात डायल फिरवली की सगळा ताण आतल्या बारीक पार्टवर जातो. रोजच्या वापरात पण हेच, आकडा बदलायचा तर आधी नॉब पाव फेरा सैल करायचा आणि मग परत आवळायचा. तुमची डायल ४ आणि ५ च्या मधे अडकलीय त्यावरून मला शंका येते की कोणीतरी ती बंद झडपांवर फिरवायचा प्रयत्न केला असेल आणि अर्ध्यात सोडून दिलं असेल. असं झालं तरी घाबरू नका, आत वाकलंच असेल असं काही नाही.

पक्कड लावू नका, फडकं गुंडाळून सुद्धा नको. पकड हवी असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून डायलभोवती गुंडाळा आणि हातानेच फिरवा, जिकडे थोडी जास्त हलते तिकडे आधी, मग उलट. केसभर इकडे, केसभर तिकडे. हलायला लागली की पाण्यातून काढून नीट वाळवा, पंख्याखाली रात्रभर, आणि मग तेल. तेल कुठलं ह्यावर लोक भांडतात, मी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणतो, त्याला वास नाही, ते चिकट होत नाही, त्वचेला लागलं तरी काही करत नाही. डायलच्या फटीत एक थेंब, नॉब जिथे हँडलला मिळतो तिथे एक थेंब, बिजागऱ्यांना काडीच्या टोकाने. उलटा धरून ठेवा म्हणजे आत उतरेल. फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवायचं तेल अगदीच जाम असेल तर एकदा चालेल, पण नंतर लिक्विडने धुवून काढायचं, आत राहिलं की धूळ धरतं. खोबरेल आणि गोडेतेल मात्र मुळीच नको, ते आतमधे वाळून गोंदासारखं होतं आणि मग तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

व्हिनेगर बरेच जण सुचवतील. चुन्याचा थर आम्लाने विरघळतो हे खरंच आहे, पण आम्ल निकेलला पण सोडत नाही, रात्रभर ठेवलेला रेझर सकाळी मळकट राखाडी होऊन निघालेला मी बघितलाय. अगदी दगडासारखा पांढरा थर असेल तरच एक भाग व्हिनेगर दहा भाग पाणी, पाच मिनिटं, घड्याळ लावून, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. क्लोरीनवाला ब्लीच तर बाटलीसुद्धा जवळ आणू नका, त्याने निकेलला बारीक खड्डे पडतात.

आणि अमोनिया. काच पुसायच्या काही लिक्विडमधे तो असतो म्हणून सांगतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की आपोआप तडकायची, त्याचं कारण १९२१ मधे स्पष्ट झालं, घोड्यांच्या लघवीतला अमोनिया, दमट हवा आणि पितळात बनवतानाच राहिलेला ताण. रेझरची ती दाबलेली कड म्हणजे असंच ताण भरून ठेवलेलं पितळ आहे. त्यामुळे लखलखीत होतो म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी अमोनिया नको.

आता ते हिरवं. तो कळंक. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, तसंच इथे निकेल हीच कल्हई समजा, ती जिथे झिजली तिथे आतलं पितळ उघडं पडलं आणि ओलाव्याने हिरवं झालं. तुम्हाला कडेने दिसतंय म्हणता, तर तिथलं निकेल गेलंय हे धरून चाला, घासल्याने ते परत येणार नाही. लिक्विडच्या पाण्यात भिजल्यावर बराच कळंक ब्रशने निघेल, राहिलेला बांबूच्या काडीने खरवडा. त्याखाली पिवळं पितळ दिसेल, दिसू द्या. चिंच, राख, पितळेची भांडी घासायची पावडर ह्यातलं काही लावू नका. निकेलचा थर काही मायक्रॉनचा असतो, आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या की तुमच्याकडे घासायला किती धातू शिल्लक आहे. पॉलिश करायचंच असेल तर क्रीमवालं मेटल पॉलिश जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर वाटाण्याएवढं घ्यायचं, हलक्या हाताने, आकडे आणि कोरलेली अक्षरं वगळून, आणि एकदाच. सोनेरी मुलामा असलेला रेझर असता तर तेही नको म्हटलं असतं.

प्लेटिंगचा प्रश्न. सातपूर-अंबडला प्लेटिंगवाले भरपूर आहेत आणि त्यांच्या कामात ते पक्के आहेत, पण त्यांचं काम म्हणजे ब्रॅकेट, बोल्ट, ऑटोचे पार्ट, एका वेळी शेकड्याने. तुमचा एक रेझर तिथे गेला की तीन गोष्टी होतात. आधी जुना थर आम्लात उतरवतात, आणि रेझर न खोलता दिला असेल तर ते आम्ल एकात एक बसलेल्या नळ्यांमधे शिरतं आणि धुतलं तरी पूर्ण निघत नाही, नंतर आतून खात बसतं. मग बफ मारतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणतात, आणि त्या चाकाला तुमचं एफ-३ आणि डायलच्या खाचा कळत नाहीत, कडा गोल होतात, अक्षरं अर्धी पुसली जातात. आणि नवा थर आकडे, खाचा, बिजागरी सगळ्यावर सारखा चढतो, मग ज्या फटी आधी बरोबर होत्या त्या घट्ट होतात. नीट करायचं तर खोलूनच करावं लागतं, आणि खोलण्याचं मी वर सांगितलंच. फक्त रेझरच खोलून प्लेट करून देणारे मोजके लोक अमेरिकेत आणि युरोपात आहेत, त्यांच्याकडे त्या कडा उघडायचे आणि दाबायचे स्वतःचे जिग, म्हणजे पार्ट नेमका धरून ठेवणारे साचे, असतात. पाठवण्याचा खर्च, कस्टम्स, वाट बघणं हे सगळं परवडणार असेल तर तो एक मार्ग आहे. पण मला विचाराल तर जिथे आजोबांचा अंगठा आणि बोट रोज टेकायचं तिथेच हँडलवरचं निकेल गेलेलं असणार, तुम्ही नीट बघा. ते मी तरी झाकणार नाही.

खोलणं खरंच गरजेचं कधी, तर नॉब नुसताच गरागरा फिरतोय आणि झडपा हलतच नाहीत, किंवा झडप उघड उघड वाकलीय, किंवा आठवडाभर भिजवून, तेल घालून, ट्यूब लावूनही डायल तसूभर हलत नाही. ह्यातलं काही झालं तर मला परत विचारा, तेव्हा वेगळं बोलू. पण आधी फोटो काढून ठेवा, झडपा मिटलेल्या, अर्ध्या, पूर्ण उघड्या, चारी बाजूंनी. तुम्ही भिजवायला घेण्याआधीसुद्धा काढा.

डायल मोकळी झाली की एक तपासणी करायची. नवं ब्लेड घाला, आवळा, खिडकीच्या उजेडासमोर डोळ्याच्या रेषेत धरा आणि दोन्ही बाजूंची फट बघा. एका बाजूला जास्त दिसली तर लगेच रेझर वाकडा ठरवू नका, ब्लेड काढून अर्धा फेरा फिरवून परत घाला. फट ब्लेडबरोबर बाजू बदलत असेल तर दोष ब्लेडचा, दुसऱ्या कंपनीचं बघा. फट त्याच बाजूला राहिली तर दोष रेझरचा, मग झडपेच्या बिजागरीत अजून साबण अडकलाय का ते बघायचं, माझ्या अनुभवात पुष्कळदा तेच निघतं. डायल मोकळी झाली की ती १ पासून ९ पर्यंत कुठेही न अडकता फिरायला हवी. तशी फिरली की समजा आतून साफ झाला.

निर्जंतुक करायला सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दहा-पंधरा मिनिटं बुडवून, मग वाळवून परत तेलाचा थेंब. तुमचा घरातलाच आहे, इतकी वर्षं पडून आहे, तरी करा. आणि हे वाचून कोणी गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून जुना रेझर उचलणार असेल तर हे टाळूच नका, हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या जागेवर सात दिवस तरी जिवंत राहू शकतो.

ठेवायचं कसं, तर बाथरूममधे नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा दाढी झाली की झटकून, झडपा थोड्या उघड्या ठेवून खोलीतल्या कपाटात. महिन्यातून एकदा लिक्विडच्या पाण्यात दहा मिनिटं, एवढ्यावर तो तुमच्या मुलापर्यंत चालेल.

पहिली दाढी २ किंवा ३ वर करा. आकडा वाढला की धार जास्त बाहेर येते, आणि आजोबा ४-५ वर करत असतील म्हणून तुम्हाला ते लगेच झेपेल असं नाही, त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला होता. हाताने दाबायचं नाही, रेझरचं वजनच पुरेसं आहे. आणि सोबत सापडलेली ब्लेडची जुनी पुडी फोडून त्यातलं ब्लेड वापरायचा मोह होईल तर तो आवरा, त्या काळची ब्लेडं साध्या पोलादाची असायची, स्टेनलेस सर्रास झाली ती नंतर, आत गंज धरलेला असू शकतो. पुडी तशीच बंद ठेवा रेझरच्या डबीत, आणि ब्लेड कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नवं आणा, आज मिळणारं कुठलंही दुधारी ब्लेड त्यात बरोबर बसतं.